फिरतीवरच्या भावांनो, बसायच्या आधी सांगा कशासाठी आलात

प्रति,
यवतमाळ जिल्ह्यात बियाणं, खतं आणि कीटकनाशकं घेऊन गावोगाव फिरणारे कंपन्यांचे प्रतिनिधी, फिल्ड असिस्टंट आणि माझ्यासारखे कृषी केंद्रवाले

भावांनो, जय गुरु.

मी तुमच्यातलाच आहे. चौदा वर्षं दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात एका कंपनीसाठी मोटारसायकल झिजवली. आता तालुक्याच्या गावी माझं लहानसं कृषी केंद्र आहे. आठवड्यातून एकदा तुम्ही माझ्या काउंटरवर बॅग टेकवता, मी चहा सांगतो, तुम्ही स्कीम सांगता. ज्या बाकावर तुम्ही बसता त्याच बाकावर बसून हे पत्र लिहितो आहे, म्हणून कोणी वरून उपदेश करतोय असं समजू नका.

मृग तोंडावर आला आहे. एकदा पेरणीला हात लागला की तुम्हालाही वेळ नाही आणि मलाही. म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

गेल्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. अमरावतीला शिकतो. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, "मामा, तुमच्या धंद्यावरचा एक पिक्चर दाखवतो." मला वाटलं शेतीवरचा असेल. निघाला अमेरिकेतला. 'द बिग कहूना', १९९९ सालचा. रॉजर रूफ यांच्या नाटकावरून केलेला, दिग्दर्शक जॉन स्वानबेक. कॅन्सस राज्यातलं विचिटा नावाचं शहर, तिथलं एक हॉटेल आणि त्या हॉटेलातली एक खोली. कारखान्यातल्या यंत्रांना लागणारं वंगण विकणाऱ्या कंपनीची तीन माणसं तिथं उतरली आहेत. शहरात उद्योगवाल्यांचं संमेलन आहे, संध्याकाळी यांच्या खोलीवर पाहुणे येणार आहेत, आणि त्यात एक मोठा गिऱ्हाईक येणार आहे. तो एकटा हाती लागला तर कंपनीचं नशीब उघडेल. दीड तासाचा सिनेमा. ना गाणं, ना नाच. जवळजवळ सगळा वेळ हे तिघं त्या खोलीत बसतात, उठतात आणि बोलतात.

भाचा मधेमधे थांबवून मराठीत सांगत होता. सुरुवातीला वाटलं, आपल्याला हे झेपणार नाही. पण अर्ध्या तासात मी सरसावून बसलो. नुसतं बोलणं ऐकत बसायला आपल्या मुलखाला कोणी शिकवायची गरज नाही. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा तर कीर्तनच प्रश्नोत्तरांत करायचे. बाबा आपल्या वऱ्हाडीत समोरच्या माणसांना विचारायचे, माणसं उत्तर द्यायची, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा, आणि विचारता विचारता माणूस स्वतःच्याच तोंडानं स्वतःची चूक कबूल करून मोकळा व्हायचा. माझे आजोबा ते ऐकलेले. हा सिनेमा पाहताना मला आजोबांचं ते सांगणं आठवत राहिलं.

त्या खोलीतले तिघं तुम्ही रोज पाहता. लॅरी, म्हणजे केविन स्पेसी, तोंडानं फटकळ, विकण्यात पक्का, त्या एका गिऱ्हाइकासाठी जिवाचं रान करणारा. फिल, म्हणजे डॅनी डिव्हिटो, पन्नाशी ओलांडलेला, घर मोडायच्या बेतात, आपण आयुष्यभर हे कशासाठी केलं असा विचार करणारा. आणि बॉब, म्हणजे पीटर फॅसिनेली, संशोधन विभागातला कोवळा पोरगा, पहिल्यांदाच अशा कामाला आलेला, देवाधर्माचा, पापभीरू. यवतमाळला सीझनच्या मीटिंगला गेलो की लॉजवर दोन पलंगांच्या खोलीत आम्ही तिघं असायचो, एकाची गादी खाली. एक टार्गेटच्या नावानं शिव्या देणारा, एक रिटायरमेंटचा हिशेब करणारा, आणि एक नुकताच बी.एस्सी. ॲग्री करून आलेला, झोपायच्या आधी हात जोडणारा. तो हात जोडणारा मी होतो.

आता गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पार्टी होते, पाहुणे निघून जातात, आणि लॅरीला वाटतं की मोठा गिऱ्हाईक आलाच नाही. मग बोलता बोलता कळतं की तो आला होता आणि बॉब त्याच्याशीच बराच वेळ गप्पा मारत होता. त्याचं पाळलेलं कुत्रं मेलं होतं, त्याचं बोलणं निघालं, मग मरणाचं निघालं, मग देवाचं. त्या माणसाला पोरगा आवडला आणि त्यानं त्याला रात्रीच्या दुसऱ्या खाजगी पार्टीला बोलावलं. लॅरी आणि फिल बॉबला तयार करून पाठवतात. जा, आपल्या मालाबद्दल बोल, आमचं कार्ड दे. पोरगा परत येतो. काय बोललास? येशूबद्दल बोललो. आणि वंगणाबद्दल? ते निघालंच नाही.

लॅरी पेटतो. दोघांची झटापट होते. पण मला धरून ठेवलं ते त्यानंतरच्या बोलण्यानं. लॅरी निघून गेल्यावर फिल त्या पोराला शांतपणे जे सांगतो त्याचा मतलब माझ्या शब्दांत असा. समोरच्या माणसाशी बोलताना बोलणं कुठं न्यायचं हे तू आधीच ठरवून बसलास, की ते बोलणं राहत नाही, ती विक्री होते. मग तू वंगण विक नाही तर देव. तुला माणसाशी माणूस म्हणून बोलायचं असेल, तर त्याच्या लेकराबाळांबद्दल विचार आणि त्याचं ऐक, पण त्याला कुठं तरी वळवायचं म्हणून ऐकू नकोस. आणि पुढं तो म्हणतो की पस्तावा करावा अशा गोष्टी तुझ्या हातून आधीच झाल्या आहेत, पोरा. त्या कोणत्या, हे तुला अजून ठाऊक नाही, एवढंच.

भाच्यानं तिथं थांबवलं आणि विचारलं, "मामा, पाणी देऊ का?" माझ्या तोंडाकडं पाहून विचारलं त्यानं.

माझी ती गोष्ट कोणती, ते मला ठाऊक होतं. ती २०१७ सालची.

ते साल तुमच्यापैकी जुन्यांना सांगायला नको. कपाशी त्या वर्षी वेड्यासारखी वाढली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, ओळीत शिरलेला माणूस धुऱ्यावरून दिसत नव्हता. आणि त्यातच गुलाबी बोंडअळी. बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बीटी कपाशीचं बियाणं आलं २००२ मध्ये, दुहेरी जनुकाची बीजी-टू २००६ मध्ये, तेव्हा आपणच सभा घेऊन सांगितलं होतं की आता बोंडअळीची चिंता मिटली. दहा-अकरा वर्षांत अळी त्याला सरावली. लोक घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाला विकणं सगळ्यांत सोपं असतं. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पंप घेऊन शिरायचं, फवारा वर मारायचा आणि तो आपल्याच तोंडावर येऊन पडायचा. दोन-दोन, तीन-तीन डबे एकत्र. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. देशभर नाव झालं आपलं. त्या नावाची लाज अजून वाटते.

मी तेव्हा कंपनीत होतो. ऑगस्टचं टार्गेट निघायला बारा पेट्या बाकी होत्या.

आमच्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तुकडोजी महाराजांनी लावून दिलेली शिस्त. पोरं, म्हातारे, बाया सगळे बसतात. भगवी टोपी घालून मी लहानपणापासून तिथं बसतो, खंजिरीवर माझा हात बरा आहे. प्रार्थना झाली की माणसं लगेच उठत नाहीत. पारावर टेकतात, पावसापाण्याचं बोलतात. त्या संध्याकाळी एक शेतकरी माझ्याजवळ येऊन बसला. माझ्या बापाच्या वयाचा, मी त्याला काका म्हणतो. म्हणाला, "पऱ्हाटीत काईतरी दिसून रायलं बाप्पा. काय करू?"

मी वावरात गेलो नाही. डोमकळी, म्हणजे अळीनं आतून बंद करून टाकलेली फुलं, किती, सापळ्यात पतंग किती, काही विचारलं नाही. सलग तीन दिवस, नर पतंगांना वासानं ओढणाऱ्या एका कामगंध सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले किंवा शंभरातल्या दहा बोंडांत अळी निघाली, तरच फवारा मारावा, हे मला पाठ होतं. फार्मर मीटिंगमध्ये मी तेच माईकवर सांगायचो. पण पारावर बसून मी त्या काकांना तीन डब्यांची नावं सांगितली. दोन विषं आणि एक पिकाच्या वाढीचं टॉनिक. एकत्र कालवून मारा म्हटलं. माझ्या बारा पेट्यांपैकी दीड पेटी तिथं निघाली.

फवारा काकांनी मारला नाही. त्यांच्याकडं कामाला येणाऱ्या माणसानं मारला. तिशीतला, दोन लेकरांचा बाप. अंगात बनियन, तोंडाला बायकोची जुनी ओढणी. भर दुपारी. संध्याकाळी त्याला घाम सुटला, उलट्या सुरू झाल्या, आणि डोळ्यांपुढं अंधार आला. दवाखान्यात नेलं तेव्हा तो बायकोला आवाजावरून ओळखत होता. दोन दिवस त्याला दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी दिसायला लागलं. तो वाचला.

वरिष्ठांचा फोन आला की त्या गावात सध्या फिरकू नका. ते माझं गाव होतं. मी फिरकलो नाही. पंधरा दिवस प्रार्थनेला गेलो नाही, बायकोला सांगितलं टूरवर आहे.

पुढं कधीतरी काका रस्त्यात भेटले. शिव्या देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तू परार्थनेतला माणूस, म्हून म्या डब्यावरचं वाचलंच नाई रे."

भावांनो, आठ वर्षं होत आली. ते वाक्य माझ्या छातीवर बसून आहे.

आता तुम्हाला कळेल, त्या अमेरिकेतल्या खोलीतलं बोलणं मला का लागलं. बॉबनं धंद्याच्या जागी देव नेला. मी देवाच्या जागी धंदा नेला. त्या पोराची चूक माझ्या चुकीपुढं काहीच नाही, कारण त्याच्या बोलण्यानं कोणाच्या डोळ्यांपुढं अंधार आला नाही. पण मुळाशी दोघांनी एकच केलं. समोरचा माणूस मन मोकळं करून बोलत होता, आणि आम्ही त्याला कुठं तरी नेत होतो, आणि आपण नेतोय हे त्याला सांगितलं नव्हतं.

हा सिनेमा मी या फेब्रुवारीत दुकानात पुन्हा लावला. दोन प्रतिनिधी वसुलीला आले होते, त्यांना बसवून घेतलं. संपल्यावर शटर अर्धं ओढून आम्ही दोन तास भांडलो. ते भांडण सांगतो, कारण तुमच्या मनातही हेच येईल.

त्यातला एक वर्ध्याकडचा तरुण, तुमच्यात नवा आहे. तो म्हणाला, "मला तर तो पोरगाच खरा वाटला भाऊ. त्याला जे पटलं ते त्यानं सांगितलं. तेल विकण्यापेक्षा देवाचं बोलणं वाईट कसं?" मी म्हटलं, वाईट नाहीच. पण कंपनीनं खोली घेतली, कंपनीनं गिऱ्हाईक बोलावलं, दोन माणसांची नोकरी त्यावर टांगलेली, आणि हा त्यांचं काम करायला जातो असं सांगून गेला. शब्द एक दिला आणि केलं दुसरं. त्यावर तो म्हणाला, "मग काय नोकरीच्या वेळात माणसानं आपली श्रद्धा खुंटीला टांगावी?" याचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. आज देतो. खुंटीला टांगू नये. श्रद्धा खरी असेल तर ती तू काय बोलतोस यापेक्षा तू काय विकत नाहीस यात दिसली पाहिजे. माझी दिसली नाही. मी प्रार्थना म्हणत होतो आणि वावर न पाहता विष सुचवत होतो.

दुसरे माझ्याच वयाचे. ते म्हणाले, "हे सगळं ठीक हाय. पण पोरीची फी भराची हाय, मोटारसायकलचा हप्ता हाय, आन् वरून रोज संध्याकाळी लिक्विडेशनचा, म्हंजे दुकानातून किती माल निघाला त्याचा, आकडा मागतेत. त्या लॅरीसारखंच कराव लागते बाप्पा." मी त्यांना म्हटलं की लॅरीच पुन्हा नीट पाहा. तो रोखठोक आहे. तो विकायला बसला आहे आणि विकायला बसलो म्हणून सांगतो. त्याला जे वाटतं ते तो तोंडावर बोलतो. फिलचा त्याच्यावर जीव आहे तो याचसाठी, की या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो. विकणं पाप आहे असं त्या सिनेमात कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. बियाणं कोणी तरी विकलंच पाहिजे. अळी खरंच आली तर औषधही लागतं.

या 'औषध' शब्दाजवळ जरा थांबू द्या. आपण विषाला औषध म्हणतो. शेतकरी म्हणतो, आपण म्हणतो, डब्याच्या जाहिरातीत म्हणतात. आणि आपल्याच जिल्ह्यात 'त्यानं औषध घेतलं' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्याचा अर्थ काय होतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. एकच शब्द दोन्हीकडं. १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला. त्याच साली तुकडोजी महाराज गेले. त्या कायद्याखाली डब्यावर त्रिकोण आले. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मी चौदा वर्षांत किती शेतकऱ्यांना तो त्रिकोण बोट ठेवून दाखवला? सभेत दाखवला असेल, भिंतीवरच्या पोस्टरवर. डबा हातात देताना, समोरासमोर, एकदाही नाही. आता दाखवतो. दुकानात 'औषध' म्हणायचं बंद केलं आहे, 'विष' म्हणतो. पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक दचकायचे. दोघं तर न घेताच गेले. जाऊ द्या.

तुमच्याकडं माझं मागणं फार मोठं नाही. उद्या पेरण्या झाल्या की तुम्ही कोणाच्या तरी ओसरीवर जाल. मावशी पाणी आणेल, भाऊ बाज टाकेल. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी सांगा की मी अमुक कंपनीचा आहे, मला या महिन्यात इतका माल काढायचा आहे, आणि मी तेवढ्यासाठीच आलो आहे. हे बोलून मग बसा. सुरुवातीला जीभ अडखळेल. पण ते एकदा ऐकलं की समोरचा माणूस स्वतः चौकशी करतो, डबा हातात घेऊन वाचतो, शेजाऱ्याला विचारतो. त्याचं भान त्याच्याजवळ राहतं.

आणि ज्या दिवशी तुम्हाला खरंच नुसतं बसायचं असेल, एखाद्याच्या घरी गमी झाली असेल, पोरीचं लग्न ठरलं असेल, त्या दिवशी बॅग घरी ठेवून जा. गाडीच्या डिकीतसुद्धा नको. प्रार्थना, हरिपाठ, भागवत सप्ताह, बुद्धविहार, दर्गा, जिथं म्हणून माणूस आपलं ओझं उतरवून बसतो, तिथं मालाचा शब्द काढू नका. कोणी विचारलं तरी म्हणा, उद्या वावरात येतो, तिथं बोलू. मी आता तसं करतो. माझ्या गावात एका गुरुवारी प्रार्थना झाल्यावर, माणसं उठायच्या आत, मी उभा राहून २०१७ ची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. काका समोरच बसले होते. कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं एकानं खंजिरी उचलून माझ्या हातात दिली.

वरिष्ठांनाही दोन शब्द. आकडा मागा, तुमचं कामच आहे. पण युरियाच्या पोत्यासोबत नको असलेली टॉनिकची बाटली गळ्यात बांधायला आम्हाला लावू नका. त्या लिंकिंगनं शेतकरी आधी दुकानदाराला शिव्या देतो, मग तुमच्या पोराला, आणि हंगामाच्या शेवटी कोणाचाच शब्द कोणी खरा मानत नाही. फवारणीच्या दिवसात तरी तुमच्या पोरांना विचारा की आज किती वावरं पाहिली आणि किती ठिकाणी 'मारू नका' म्हणून सांगितलं. हा आकडा एकदा मागून पाहा. अकोल्याचं आपलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हेच सांगत आलं आहे की आधी सापळा, मग निंबोळी अर्क, आणि विष सगळ्यांत शेवटी. नवं असं यात काही नाही.

आणि तो सिनेमा पाहा. एकट्यानं नको. सीझनच्या मीटिंगला लॉजवर तिघं एकत्र असाल तेव्हा, मोबाईल बंद करून. मग आपापली गोष्ट सांगा. तुमच्यापैकी प्रत्येकाकडं एक आहे, मला माहीत आहे, कारण आपण एकाच रस्त्यानं फिरलो.

सिनेमा पाहिला त्याच्या चौथ्या दिवशी मी त्या माणसाच्या घरी गेलो होतो, ज्याच्या डोळ्यांपुढं अंधार आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आता कायले आले?" मी म्हटलं, "माफी मागायला." तिनं सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली.

तो वावरात निघाला होता. मक्त्यानं केलेली दोन एकर, वेचणी चालू. मीही मागोमाग गेलो. वाटेत मी सगळं सांगितलं. तीन डबे, बारा पेट्या, फोन. तो ऐकत चालला. धुऱ्यावर पोचल्यावर त्यानं पऱ्हाटीकडं बोट केलं आणि विचारलं, "भाऊ, यंदा कोन्तं मारू?"

मला तिथंच बसावंसं वाटलं. मी म्हटलं, आधी पाहू. आम्ही दोघं ओळीत शिरलो, वावराच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून हिरवी बोंडं तोडली, वीस मोजून. धुऱ्यावर बसून एकेक फोडलं. रसानं अंगठे चिकट झाले, नखांत काळं भरलं. एकोणीस चांगली निघाली. एकात गुलाबी अळी होती, सरकीत तोंड खुपसून बसलेली. त्यानं ती चिमटीत धरून माझ्यासमोर केली.

"मंग?"

"मंग काही नाही. दोन निघाल्या असत्या तर पुढचं बोललो असतो. यंदा नको मारू."

त्यानं अळी दगडावर टाकून चिरडली, हात धोतराला पुसला, आणि जरा वेळानं माझ्याकडं पाहून म्हणाला, "मंग तुमचं कसं भागन?"

तुमचाच,
दारव्हा-दिग्रसच्या रस्त्यावर तुमच्यासोबत फिरलेला एक कृषी केंद्रवाला